वहीच्या पानाइतकी ढिली

मेढा,
६ जानेवारी २०२५

ती. भाऊसोमामांना संयोगिताचा नमस्कार.

मामा, हातात चहाचा कप असेल तर आधी खाली ठेवा. माझ्या गॅरेजात चारचाकी आली आहे! धुवायला नाही, हवा भरायला नाही, चक्क इंजिन उघडायला!

दोन वर्षं झाली मेढ्यात बोर्ड लावून. लोक मोटारसायकली देतात, ट्रॅक्टर देतात, पण चारचाकीचं बॉनेट माझ्यासमोर उघडायचं म्हटलं की त्यांचे हात आखडतात. मागे एक आजोबा तोंडावर म्हणाले, "पोरी, तू हुशार हाईस, पर गाडी आपली साताऱ्यालाच न्हेतो." तेच आजोबा आता रोज सकाळी शेडसमोर उभे असतात, पोरगी काय करते बघायला.

गाडी इथल्या जनावरांच्या डॉक्टरांची आहे. विश्वजित त्यांचं नाव. जतकडचे. त्यांचे आजोबा मेंढरं घेऊन कोकणापर्यंत फिरायचे, हे आता गाडी घेऊन म्हशींच्या मागे फिरतात. गाडी जुनी, सेकंडहँड, आणि ती बनवणाऱ्या कंपनीने केव्हाच इथून गाशा गुंडाळला आहे. भारी किरकिरी गाडी! दीड महिन्यात पाचव्यांदा आली. एकदा हॉर्न, एकदा वायपर, दोनदा नुसती हवा, आणि आता टायमिंग बेल्ट. वरचं कव्हर उघडून मी म्हटलं, बेल्टच्या पाठीवरची छापील अक्षरं अजून दिसताहेत, थांबलात तरी चालेल. तर म्हणाले, "न्हाई मॅडम, बदलूनच टाका. इंजिनाच्या बाबतीत रिस्क नको." इतकं काळजीवालं गिऱ्हाईक मी पाहिलं नाही.

आता अडचण ऐका. इंजिनावर वॉल्व उघडणारे कॅमशाफ्ट दोन आहेत. बेल्ट काढला की स्प्रिंगच्या जोराने ते आपापले फिरणार. परत चढवताना बेल्टचा एक दात जरी चुकला तरी वॉल्व पिस्टनवर आपटणार, इंजिन बाद होणार आणि माझा बोर्डही उतरणार. दोन्ही शाफ्टच्या मागच्या टोकाला खाच आहे. दोन्ही खाचांत मिळून एकच लोखंडी पट्टी सरकवली की शाफ्ट जागच्या जागी राहतात. कंपनीची पट्टी कुठेच मिळत नाही. तुम्ही करून द्याल का? फोटोतून माप येत नाही असं तुम्ही नेहमी म्हणता, म्हणून दोन्ही टोकांवर कागद ठेवून, पेन्सिल घासून ठसा काढला आहे. व्हर्नियरची मापं मागे लिहिली आहेत.

आईला इतक्यात सांगू नका. गॅरेजचं वेड लग्नापर्यंतच, असं तिने ठरवून टाकलं आहे. तुमच्याशिवाय ती कुणाचं ऐकत नाही. काम फत्ते झालं की तुम्हीच सांगा.

तुमची,
संयोगिता


कुपवाड,
११ जानेवारी २०२५

चि. संयोगिता हिस, मामाचे पोटभर आशीर्वाद.

पत्र वाचून मी शेडमध्ये ओरडलो. शेजारच्या कारखान्यातली माणसं धावत आली, त्यांना वाटलं बोट गेलं. मी म्हटलं, "बोट न्हाई रं, भाची! माझ्या भाचीकडं डबल कॅमचं इंजिन आलंय!" मग त्यांना चहा पाजावा लागला.

ठसा झकास काढला आहेस. आठ वर्षांची असताना सुट्टीत येऊन माझ्या शेडमध्ये नाण्यांवर कागद घासत बसायचीस, ते वाया गेलं नाही.

सोबत पट्टी पाठवतो. टेम्पोच्या तुटलेल्या कमानपाट्याचा तुकडा आहे. शेपरवर सपाट केला, मग दोन संध्याकाळी कानस मारली. मायक्रोमीटरखाली इकडून तिकडून कुठेही मोज, एकच आकडा येईल. खालचा क्रँक हलू नये म्हणून एक पिनही लेथवर काढून दिली आहे. बेल्ट चढवल्यावर स्टार्टर मारायची घाई करू नकोस. पट्टी आणि पिन काढायची, पान्याने इंजिन हाताने दोन फेरे फिरवायचं आणि पट्टी पुन्हा घालून बघायची. सहज बसली तरच स्टार्टर.

कंपनीची पट्टी याहून चांगली निघाली तर मी मिशी काढीन. पस्तीस वर्षं प्रेसच्या आवाजात माझे कान गेले, म्हणून तर तुला पत्र लिहायला लावतो. राहिली ती माझी नजर आणि ही दहा बोटं. त्यांनी अजून दगा दिलेला नाही.

तुझी मामी विचारते, हा डॉक्टर लग्नाचा आहे का. मी म्हटलं, गाडीचं चाललंय, गाडीचं बोल.

तुझा,
भाऊसोमामा


मेढा,
१६ जानेवारी २०२५

ती. मामांना नमस्कार.

पट्टी मिळाली. दिसायला इतकी देखणी आहे की घरी देव्हाऱ्यात ठेवावी असं वाटलं. पण मामा, कसं सांगू, ती जराशी ढिली होते आहे. अगदी जराशी. पट्टी आणि खाच यांच्यामध्ये वहीचं एक पान सरकतं. माझ्याच मापात चूक असेल. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. घाई तर मुळीच करू नका. सावकाश दुसरी करा, महिना लागला तरी हरकत नाही.

गिऱ्हाईकही शांत आहे. गाडी कधी होणार हे एकदासुद्धा विचारलेलं नाही. त्यांची अडचण नको म्हणून मी माझी मोपेड त्यांना फिरतीला दिली आहे. सकाळी घेऊन जातात, संध्याकाळी आणून लावतात. परवा म्हणाले, "मॅडम, तुमची मोपेड लय गुणाची हाय. केळघरच्या चढाला बी कुरकुरली न्हाई." काल अडलेल्या गाईचं वासरू सोडवून आले तेव्हा कोपरापर्यंत माखलेले होते. मी ग्रीसने माखलेली. दोघांनी एकाच साबणाने हात धुतले आणि साबण संपला. इतकं हसलो की समोरच्या टपरीवाल्याने रेडिओ मोठा केला.

असो. हे उगाच लिहिलं. पट्टीचं बघा.

संयोगिता


कुपवाड,
२१ जानेवारी २०२५

चि. संयोगिता,

वहीचं पान म्हणजे कुठल्या वहीचं? दुकानातल्या लाल वहीचं जाड असतं. शाळेच्या वहीचं पातळ असतं. हल्लीच्या स्वस्त वह्यांचं पान तर पान म्हणण्याच्या लायकीचं नसतं. जे पान सरकलं तेच मला पाठव. दुसरं चालणार नाही.

आणि विचारत नाही ते गिऱ्हाईक धोक्याचं. तो दुसऱ्या गॅरेजात चौकशी करत असणार. मोपेडच्या डिकीला कुलूप लाव.

भाऊसो


मेढा,
२४ जानेवारी २०२५

ती. मामांना नमस्कार.

तुमचं पत्र इतकं लहान कधीच नसतं. रागावलात का? हे घ्या पान. गॅरेजच्या वहीतलं आहे. पोस्ट बंद व्हायची वेळ झाली म्हणून घाईत टरकावलं, कड वाकडी गेली आहे, पण जाडी तीच.

डिकीला कुलूप लावणार नाही. काल तिच्यात त्यांनी माझ्यासाठी हुरडा आणून ठेवला होता.

संयोगिता


कुपवाड,
३० जानेवारी २०२५

चि. संयोगिता हिस आशीर्वाद.

पान पोचलं. चार ठिकाणी मोजलं. मिलिमीटरचे शंभर भाग केले तर त्यातले आठ. दुसरी पट्टी पाठवतो आहे. बरोबर एक पान जाड केली आहे.

मधल्या काळात सांगलीला जाऊन डोळे तपासून आलो. डॉक्टरांनी बारीक बारीक अक्षरं वाचायला लावली. मी सगळी वाचली. खाली छापखान्याचं नाव होतं तेही वाचलं. ते म्हणाले, नजर तिशीतल्या माणसाची आहे. मग मी त्यांना विचारलं, नजर चांगली आहे तर मग पट्टी ढिली का? त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

पट्टी लावून बघ आणि काय होतं ते खरं खरं कळव.

भाऊसोमामा


मेढा,
४ फेब्रुवारी २०२५

ती. मामांना नमस्कार.

पट्टी लावून पाहिली. मामा, आता ती घट्ट होते आहे. शिरतच नाही. ठोकायची म्हटलं तर शाफ्टला इजा होईल. तुमचा दोष नाही, हवेचाही परिणाम असेल. इथे थंडी आहे, लोखंड आकसत असेल. अजून एकदा करा ना, पण सावकाश. पुढच्या महिन्यात दिलीत तरी चालेल.

संयोगिता


कुपवाड,
८ फेब्रुवारी २०२५

चि. संयोगितास मंगलमामीचा आशीर्वाद.

मी कधी पत्र लिवत न्हाई, तुला म्हाईत हाय. पर आता लिवावं लागलं. तुझ्या मामांनी लेथ बंद ठिवलाय. सकाळी शेडात जात्यात, मशिनीवर कापड टाकून खुर्चीवर बसत्यात. मी म्हटलं, "आवं, काय झालं?" तर म्हणाले, "मंगल, एक ढिली झाली, दुसरी घट्ट झाली. हात गेला माझा. आता कशाला लोकांची मापं बिघडवायची?" मिरजंचा कुणी हंबीरराव म्हणून हाय, त्याला लेथ विकायचं ठरलंय. रविवारी सोळा तारखंला टेम्पो घिऊन येणार. जेवान बी नीट जात न्हाई त्यांना. तू लाडकी भाची, म्हणून तुला कळवलं. बाकी तू शाणी हाईस.

मामी


मेढा,
१२ फेब्रुवारी २०२५

मामा! मामा! लेथ विकू नका!

कुणी हंबीरराव आला तर त्याला दारातूनच परत पाठवा. मी खोटं बोलले. पहिली पट्टी ढिली नव्हती. पहिली पट्टी पहिल्याच फटक्यात बसली. इतकी छान बसली की मी शेडमध्ये एकटीच टाळ्या वाजवल्या. बेल्ट चौदा जानेवारीलाच बदलून झाला. तुम्ही सांगितलं तसे हाताने दोन फेरे फिरवले, पट्टी पुन्हा घातली, पुन्हा बसली. स्टार्टर मारला आणि पहिल्याच हाकेला इंजिन चालू झालं. समोरच्या आजोबांनी टोपी काढून पुन्हा घातली. त्यांना मी तिळगूळ दिला आणि कुणाला सांगू नका म्हणून विनवलं.

का, तेही सांगते, आता लाजून चालायचं नाही. गाडी दिली असती तर मोपेड परत आली असती. आणि मोपेड परत आली असती तर तिच्यासोबत सकाळ-संध्याकाळ येणारा माणूस यायचा बंद झाला असता. संध्याकाळचे सहा वाजले की माझे कान रस्त्याकडे लागतात, मामा. त्या मोपेडचा आवाज मी चार वळणांवरून ओळखते. दुसरं कुठलंच निमित्त मला सुचलं नाही. तुमची पट्टीच हाताशी होती, तिच्यावर ढकललं. दुसरीही छानच बसली होती. तीही मी घट्ट म्हणून सांगितली.

गाडी अडवताना मी तुमच्या हाताला नावं ठेवते आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही. ज्या हातांनी मला पाना धरायला शिकवलं त्यांनाच! मामींचं पत्र वाचलं आणि जेवता जेवता उठले. आई विचारत होती काय झालं, मी म्हटलं मिरची लागली. मला हवं तेवढं बोला, पण लेथवरचं ते कापड आधी काढा.

डॉक्टरांना काल सगळं सांगितलं. ते रागावतील म्हणून आधी हातातला पाना खाली ठेवला. तर ते टायरवर बसले, तोंड पाडलं आणि म्हणाले, "मग आता मोपेड परत द्यावी लागणार व्हय?" बिचारे. महिनाभर त्यांना फसवलं, तरी रागावले नाहीत. इतका साधा माणूस!

रविवारी आम्ही त्याच गाडीने तुमच्याकडे येतो आहोत. दोन्ही पट्ट्या आणि जुना बेल्ट घेऊन येते, म्हणजे तुमचा विश्वास बसेल. हंबीररावाच्या टेम्पोपुढे मी आडवी पडेन.

तुमची चुकलेली,
संयोगिता


कुपवाड,
१७ फेब्रुवारी २०२५

चि. संयोगिता हिस, मामाचे दोन्ही हातांनी आशीर्वाद.

काल तू गाडीतून उडी मारलीस आणि "लेथ देऊ नका!" म्हणून ओरडत शेडमध्ये शिरलीस, तेव्हा लेथ चालू होता. मी त्यावर काम करत होतो. तुझ्या ते लक्षातसुद्धा आलं नाही. माझ्या गळ्यात पडून रडलीस आणि माझा सदरा ओला केलास. म्हणून काल बोललो नाही. आज लिहितो.

मिरजेला कुणी हंबीरराव नाही. तो तुझ्या मामीने जन्माला घातला. मी फक्त म्हणालो होतो की भाचीला जरा घाबरवलं पाहिजे. टेम्पो, कापड, खुर्ची हे सगळं तिचं. लिहून झाल्यावर मला वाचून दाखवलं तेव्हा माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

पण पहिले दहा दिवस खोटे नव्हते. तुझं "ढिली" आलं आणि मी मायक्रोमीटर पुसून पुन्हा शून्यावर लावला. कान गेल्याचं मला कधी दुःख झालं नाही. हात गेला असता तर मात्र मी कुणाला तोंड दाखवलं नसतं. शेडमध्ये बसून जुनी कामं काढून पुन्हा पुन्हा मोजत होतो. हे तुला कळावं म्हणून लिहिलं. आता ते संपलं. पुन्हा काढायचं नाही.

मग तुझं ते पान आलं. घाईत टरकावलेल्या पानाच्या मागे काय लिहिलं आहे हे बघायचं असतं, बाळ. "डॉ. सकाळी ८.१०. डॉ. संध्याकाळी ६.४०, निळा शर्ट. डॉ. ६.२५, हसले. डॉ. ७.०५, उशीर का?" मोपेडची अशी नोंद मी कुठल्याच गॅरेजात पाहिली नाही. मामीने ते पान तीन वेळा वाचलं आणि लगेच गोडाचा शिरा केला.

तरी नुसत्या लिहिलेल्यावर मी कुणाला दोषी ठरवत नाही. माणसाने मोजून बघावं. म्हणून दुसरी पट्टी पहिल्याच मापाची केली. आकड्याला आकडा. आणि तुला कळवलं, एक पान जाड केली आहे. तुझं उत्तर आलं, शिरतच नाही. त्याच मापाची पट्टी आधी ढिली आणि मग घट्ट! त्या दिवशी मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या. माझा हात शाबूत होता, फक्त भाची बिघडली होती.

आता मुख्य गोष्ट. तू जुना बेल्ट माझ्या टेबलावर विसरून गेलीस.

तू आत मामीबरोबर भजी तळत होतीस तेव्हा मी तो बेल्ट खिडकीत धरून बघितला. एकही दात झिजलेला नाही, कुठे चीर नाही. पाठीवर बनवल्याचं साल छापलं आहे, २०२३. हा बेल्ट अजून तीन-चार वर्षं हसत चालला असता. आणि तू, माझ्या हाताखाली शिकलेली पोरगी, तो काढून फेकलास! तुझं लक्ष कुठे होतं ते मला माहीत आहे.

मी बेल्ट डॉक्टरपुढे धरला. म्हटलं, "काय डॉक्टर, ह्याला कसला आजार झाला हुता?"

तो बेल्टकडे बघेना, माझ्याकडेही बघेना. लेथच्या चाकाकडे बघत राहिला. शेवटी म्हणाला, "मामा, हॉर्न झाला. वायपर झाला. हवा तरी किती वेळा भरायची? मग म्हटलं, चार दिवस लागतील असलं काम काढावं."

माझं ऐकण्यात चुकलं की काय म्हणून मी त्याला पुन्हा बोलायला लावलं. त्याने पुन्हा तेच सांगितलं, आणि या वेळी इतक्या मोठ्याने की तू आतून विचारलंस काय झालं. आम्ही म्हटलं, काही नाही, भजी आणा.

तर बाळ, तू ज्याला महिनाभर फसवलंस तो साधा माणूस तुझ्याकडे तुझ्याही आधीपासून निमित्तं काढून येत होता. गाडी किरकिरी नव्हती. मेढ्याच्या रस्त्यावर एक हुशार पोरगी पाना घेऊन बसली होती, आणि त्या गाडीला रोज तिकडेच वळायचं होतं.

मी त्याला आणखी एक विचारलं. म्हटलं, "आरं गड्या, तिनं डबल कॅमला कवा हात लावला न्हवता. एक दात चुकला असता तर तुझं इंजिन गेलं असतं. तुला भ्या वाटलं न्हाई?"

तो म्हणाला, "त्यांच्या हातनं? न्हाई जात."

बस्स, एवढंच. भजं उचललं आणि खाऊ लागला. संयोगिता, पस्तीस वर्षं लोक माझ्याकडून कामं करून घेतात. तरी प्रत्येक जण मोजून घेतो. असं न मोजता माझ्या हाताबद्दल कुणी कधी बोललं नाही, तुझी मामीसुद्धा नाही. तुझ्या गॅरेजसमोरून सगळं मेढा आपली गाडी साताऱ्याला नेत होतं, आणि या पोराने चांगलं चाललेलं इंजिन तुझ्यापुढे उघडून ठेवलं. मला फार आनंद झाला. काल तुम्ही गेल्यावर मी शेडमध्ये थोडा वेळ नाचलोसुद्धा. मामीने बघितलं आहे, हवं तर विचार.

येत्या रविवारी मी आणि मामी मेढ्याला येतो. तुझ्या आईला काही सांगू नकोस. फक्त म्हण, मामा जेवायला येणार आहेत, वांगी कर. तुझी आई म्हणजे आमची मायाक्का, ती पहिला प्रश्न विचारेल, लग्नानंतर हे गॅरेजचं काय? मी बेल्ट पिशवीत घालून आणतो आहे. तो तिच्या हातात ठेवीन आणि सांगीन, आक्का, ह्या बेल्टला काहीही झालेलं नाही. हा तुझ्या पोरीच्या हातून काढून घ्यायचा म्हणून एका पोराने आपलं इंजिन पणाला लावलं. तो कसला गॅरेज बंद करायला सांगतोय?

तुझा,
भाऊसोमामा

ता. क. डॉक्टरची गाडी तर आता त्याच्याकडे गेली. मग काल निघताना मामीने विचारलं तेव्हा तो "मोपेड अजून माझ्याकडंच हाय" असं का म्हणाला? पण तू मागू नकोस हो.